उतरायचे झाशीला, मुक्काम ओरछ्याला

नवी दिल्लीहून सकाळी सहाला सुटलेली भोपाळ शताब्दी साधारण पावणेअकराला झाशीच्या फलाटाला लागते. काही डब्यांतून परदेशी पाहुणे उतरतात, पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या. त्यांच्या मागून दिल्ली-गुरगावकडची, शनिवार-रविवार साधून निघालेली जोडपी. एखाद्या दिवशी एकाच रंगाच्या टोप्या घातलेला मराठी सहलीचा ताफा असतो, ‘आपली राणी’ बघायला आलेला. बाहेर नावांच्या पाट्या धरून ड्रायव्हर उभे असतात. सामान डिकीत जाते, दारे लागतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत स्थानकासमोरचे आवार पुन्हा ई-रिक्षावाल्यांच्या ताब्यात. गाड्या निघतात त्या १८ किलोमीटरवरच्या ओरछ्याकडे, नाहीतर थेट पावणेदोनशे किलोमीटरवरच्या खजुराहोकडे. टोप्यांचा ताफा तेवढा किल्ल्यावर जातो, दोन तास फिरतो, जेवतो आणि ग्वाल्हेरची वाट धरतो.

पर्यटन आणि हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना हल्ली जवळपास सगळीकडे एक काम दिले जाते: पर्यटनातली एखादी कंपनी कल्पा आणि तिचा बिझनेस प्लॅन लिहून आणा. एमबीएला, बीबीएला, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला, कुठे गटाने, कुठे एकट्याने. झाशीत १९७५ साली स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ आहे, त्याच्या आवारात पर्यटन आणि हॉटेल व्यवस्थापनाची संस्था आहे. शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेरला केंद्र सरकारची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था आहे. म्हणजे या पट्ट्यात आराखडे लिहिणाऱ्या हातांची वाण नाही. आणि आराखड्यासाठी झाशीइतके चांगले, म्हणजे झाशीइतके अवघड, गाव शोधून सापडायचे नाही.

कारण येणाऱ्यांची इथे वानवा नाही. १९८८ मध्ये देशातली पहिली शताब्दी सुरू झाली ती नवी दिल्ली ते झाशी. रेल्वेमंत्री होते माधवराव शिंदे. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात तेही झाशीत. स्थानकाला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. राणीचे नाव ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा या देशात मिळणे कठीण. जाहिरातीवर एक रुपया खर्च न करता एवढे नाव झालेले गाव, आणि तरी रात्री खोली रिकामी. आराखडा लिहिणाऱ्याने इथूनच सुरुवात करायला हवी. पण बहुतेक आराखडे सुरू होतात ते ‘पर्यटन हा जगातील झपाट्याने वाढणारा उद्योग आहे’ या वाक्याने.

सबमिशनच्या आठवड्यातली ही स्पायरल बाइंडिंगची चळत कोणत्याही कॉलेजात सारखीच दिसते. कंपनीच्या नावात ‘रॉयल’ आणि ‘हेरिटेज’ यांपैकी एक शब्द असतोच, पुष्कळदा दोन्ही. पहिल्या पानावर ध्येयवाक्य, मग चार चौकोनांचे स्वॉट, मग तीन वर्षांचा नफा-तोटा. स्वॉटमध्ये ‘बलस्थाने’ या चौकोनात ‘उत्कृष्ट सेवा’ लिहिलेली असते. अजून न उघडलेल्या हॉटेलची सेवा उत्कृष्ट कशी, हे वायवाला कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी ६० टक्के खोल्या भरणार, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. हे आकडे कुठून आले असे विचारले तर उत्तर एकच: गेल्या वर्षीच्या सीनियरच्या फाइलमधून.

हा साचा मुलांनी शोधलेला नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८४ मध्ये ‘मूट कॉर्प’ ही व्यवसाय-आराखड्यांची स्पर्धा सुरू झाली. कायद्याच्या मुलांना खोटा खटला चालवायला देतात, तशी व्यवस्थापनाच्या मुलांना खोटी कंपनी. तिथून ही पद्धत जगभर गेली. मुंबई आयआयटीतल्या उद्योजकता कक्षाची ‘युरेका’ स्पर्धा आपल्याकडे सर्वांना माहीत. पण ज्या विद्यापीठांनी हे लोण पसरवले, तिथलेच लोक त्याबद्दल शंका काढत होते. हार्वर्डच्या विल्यम सालमन यांनी १९९७ मध्ये लिहिले की आराखड्यात सर्वांत कमी भरवशाचा भाग आकड्यांचा. माणसे कोण आहेत, संधी काय, भोवतालची परिस्थिती कशी आणि धोका किती, हे आधी वाचावे. मुंबईच्याच आयआयटीत शिकलेले अमर भिडे यांनी अमेरिकेतल्या वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांना गाठले, तेव्हा ४१ टक्के लोकांनी कसलाही लेखी आराखडा न करता धंदा सुरू केला होता. पुढे २०१० मध्ये अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा नऊ चौकटींचा कॅनव्हास आला आणि साठ पानांचे काम एका कागदावर आले. आपल्या कॉलेजांनी तोही घेतला. आता साठ पाने आहेत आणि शिवाय कॅनव्हासही आहे.

मग आराखडा लिहावाच कशाला? लिहावा, कारण गुणाकार केल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत. समजा एका विद्यार्थिनीच्या घरच्यांचे सदर बाजारामागे मोठे घर आहे आणि त्यातल्या सहा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. उत्तर प्रदेश सरकारच्या २०२५ च्या होमस्टे धोरणात हे बसते. एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा, एवढी त्याची मर्यादा. खोलीभाडे नाश्त्यासह १,८०० रुपये धरू. सहा खोल्या, ३६५ दिवस. वर्षाला २,१९० रात्री विकायला आहेत. तीन माणसांचे पगार, वीज, धोबी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ९० हजार, वर्षाला १० लाख ८० हजार. पाहुणा आला की त्याच्यामागे नाश्ता, साबण, चादरी, पाणी यांचे ४०० रुपये. म्हणजे प्रत्येक रात्रीमागे हातात राहतात १,४००. भागाकार केला की ७७२ रात्री. साधारण ३५ टक्के खोल्या भरल्या की ना नफा ना तोटा. वा! मुलगी खूश, प्रोजेक्टचे मार्गदर्शक सरही खूश.

आता ही बुकिंगे येणार कुठून? नव्या जागेला पहिली वर्षे मोबाइलवरच्या बुकिंग कंपन्यांशिवाय कोण विचारतो. त्यांचे कमिशन १८ टक्के धरले तर १,८०० मधले ३२४ रुपये तिथेच गेले. हातात उरले १,०७६. आता १,००४ रात्री हव्यात, म्हणजे जवळजवळ ४६ टक्के. अजूनही बरे वाटते. पण झाशीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि किल्ल्याचा दगड तव्यासारखा तापतो. हौशी पर्यटक येतो ऑक्टोबर ते मार्च. त्या सहा महिन्यांत सहा खोल्यांच्या मिळून १,०९२ रात्री होतात. फक्त पर्यटकांच्या जिवावर घर चालवायचे तर हंगामात ९२ टक्के खोल्या भरायला हव्यात. एवढ्या भरणारे घर झाशीत सोडाच, महाबळेश्वरातही विरळा. आणि या सगळ्या हिशेबात घरच्या जागेचे भाडे नाही, सकाळी पाचला उठून पोहे करणाऱ्या आईचा पगार नाही, खुद्द मुलीचाही नाही. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात हे तिघे कायम फुकट राबतात.

आकडे नकली आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. ३५, ४६ आणि ९२ या तीन आकड्यांमध्ये आराखड्याचे सगळे शिक्षण आहे, आणि ते एक्सेलच्या अर्ध्या पानात मावते.

९२ टक्के पाहून जो घाबरतो, तो मग गावाकडे नीट बघू लागतो. झाशीत रात्री मुक्काम करणारा माणूस कोण? पर्यटक तर थोडेच. १९६८ पासून इथे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. ललितपूर, टिकमगड, महोब्याकडून रुग्ण येतात आणि प्रत्येक रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक. भेलचा कारखाना आहे, तिथे माल तपासायला इंजिनिअर येतात. चराई आणि चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, जुनी छावणी आहे, रेल्वेचे मंडल कार्यालय आहे. रविवारी स्पर्धा परीक्षा असली की आदल्या रात्री स्थानकाच्या आसपास पोरे वर्तमानपत्र अंथरून झोपलेली असतात. आणि लग्नसराई! एप्रिल ते जून पर्यटक नसतो, पण वऱ्हाड असते. सहा खोल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि जावयांना पुरतात. ‘हेरिटेज’ शब्दाच्या प्रेमात पडलेल्या आराखड्यात हे पाहुणे नसतात, कारण त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

कायद्याचे पान तर कुणालाच आवडत नाही. झाशीच्या आराखड्यांत किल्ल्याच्या तटाला लागून, गच्चीवरून बुरुज दिसेल असे हॉटेल हे हमखास स्वप्न. किल्ला आणि राणी महाल, दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकामच नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. फाइलमधली चाळीस पाने या एका कलमाने रद्दीत जातात. जुन्या घराची परवानगी काढून केलेली डागडुजी मात्र चालते, आणि हुशार मूल इथे थांबून विचार करते की किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत बांधायचे काहीच नाही, नीट करायचे पुष्कळ आहे. तसेच परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवायचे असते. होमस्टे काढणाऱ्यांना याचा पत्ता बहुधा पहिला परदेशी पाहुणा दारात उभा राहिल्यावर लागतो.

करांचेही तेच. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. गाद्या, एसी, गिझर यांवर दिलेला कर आता खर्चातच धरायचा. परीक्षकांना याचा एक वेगळाच उपयोग आहे. आराखड्यात १२ टक्के दिसले की फाइल जुनी आहे हे पुढचे पान न उलटता कळते.

आणखी एक भानगड नकाशातली. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात. ओरछा तिगैल्यावरून गाडी वळली की थोड्याच वेळात राज्य बदलते, पर्यटन खाते बदलते, टॅक्सीचे परवाने बदलतात, अनुदानाच्या योजना बदलतात. पाहुण्याला हे काही कळत नाही आणि कळायचे कारणही नाही. त्याच्या दृष्टीने ती एकच सहल. झाशी, ओरछा, तलावाकाठचे बरुआसागर, पीतांबरा पीठाचे दतिया, सगळे तीसेक किलोमीटरच्या आत. पण दोन्ही राज्यांची सरकारी माहितीपत्रके आपापल्या हद्दीला संपतात. त्या फटीत कंपनी उभी राहू शकते, आणि तिला इमारत लागत नाही. दोन गाड्या, एक फोन आणि दोन्हीकडच्या परवान्यांची पक्की माहिती एवढे भांडवल पुरते.

ओरछ्याने मुक्काम कसा मिळवला, हे पाहण्यासारखे आहे. जहांगीर महाल, चतुर्भुज मंदिर, बेतवाकाठच्या छत्र्या यांचे आकर्षण आहेच. पण राजवाडे दिवसा बघून होतात. रात्र थांबवतो तो रामराजा. इथे राम देव म्हणून कमी आणि राजा म्हणून जास्त पुजला जातो. पोलीस त्याला रोज सलामी देतात. संध्याकाळच्या आरतीला गर्दी होते, आणि आरती संपेपर्यंत परतीची वेळ टळलेली असते. नदीकाठावर सूर्यास्त, मग आरती, मग जेवण. माणूस कुठे जाणार? झाशीचा किल्ला सूर्यास्ताला बंद होतो. तिथे ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो खरा, पण तो एकटा अख्ख्या गावाची संध्याकाळ पेलू शकत नाही. हॉटेलची खोली शेवटी संध्याकाळमुळे विकली जाते. हे ज्या आराखड्यात असेल त्याला दहापैकी दोन मार्क आधीच देऊन टाकावेत.

ओरछ्याजवळच लाडपुरा खास नावाचे खेडे आहे, निवाडी जिल्ह्यात. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या ग्रामीण होमस्टे योजनेत गावातल्या घरांना जोडून खोल्या उभ्या राहिल्या आणि पाहुणचार बायकांनी हातात घेतला. २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या ‘सर्वोत्तम पर्यटन खेडे’ या स्पर्धेसाठी भारताने जी तीन गावे पाठवली त्यांत हे एक होते. मान मिळाला तो तेलंगणातल्या पोचमपल्लीला, पण लाडपुऱ्याचे नाव झाले. झाशीच्या कोणत्याही वर्गातून तिथे बसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. चुलीजवळ बसून एका घराच्या वर्षभराच्या पाहुण्यांची वही चाळली, कोणत्या महिन्यात पाने कोरी आहेत ते पाहिले, तर जे कळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही.

मराठी वाचकाला झाशीत आणखी एक गोष्ट दिसते, जी तिथल्या मुलांच्या फायलींत अभावानेच असणार. ओरछ्याच्या बीरसिंहदेवाने १६१३ मध्ये किल्ला बांधला, पण पुढे गाव वसवून वाढवले ते मराठी सुभेदारांनी. किल्ल्याचा वाढवलेला भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो तो नारोशंकरांवरून. नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या मंदिराची घंटा आख्यायिकेसारखी सांगितली जाते, तेच हे नारोशंकर. मग नेवाळकर आले, रत्नागिरीकडचे, पारोळ्याच्या जहागिरीचे. १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात मणिकर्णिकेचे गंगाधररावांशी लग्न लागले ते आजही उभे आहे. लक्ष्मी तलावाच्या काठी नेवाळकरांची कुलदेवता महालक्ष्मी आहे, जवळच गंगाधररावांची छत्री आहे. गावात मराठी घरे आहेत. टोप्यांचा ताफा मात्र किल्ला आणि राणी महाल पाहून निघून जातो, कारण बाकीचे दाखवायला कुणी नसते.

आणि झाशीला आलेल्या मराठी प्रवाशांत सर्वांत नामांकित माणूस आला होता तो चक्क पैशांच्या हिशेबाने. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेला निघाले, कारण घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी होती. संधी, ग्राहक, अपेक्षित उत्पन्न, सगळे जागच्या जागी. महूजवळ पोचतात तो शिपायांच्या बंडाची वर्दी. पुढे १८५८ च्या वेढ्यात ते झाशीत अडकले, लूट आणि कत्तल डोळ्यांनी पाहिली, जमवलेले गमावले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी आले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. राणीचा दिनक्रम, हळदीकुंकू, देवळे, बाजार, वेढ्याच्या रात्री यांचे इतके जवळचे वर्णन दुसरीकडे नाही. पुण्या-मुंबईच्या पंचवीस माणसांना हे पुस्तक हातात घेऊन गणेश मंदिरापासून लक्ष्मी तलावापर्यंत फिरवायचे, रस्त्यात गोडसे भटजी कुठे काय पाहत होते ते मराठीत सांगायचे, आणि शेवटी एखाद्या मराठी घरी जेवू घालायचे. माणशी ६०० रुपये घेतले तर पंचवीस माणसांचे १५ हजार. जेवण, ई-रिक्षा आणि सांगणाऱ्याचे मानधन वजा जाऊन जे उरेल ते एका सकाळच्या कामाला वाईट नाही. वर असे की सकाळच्या फेरीसाठी आदल्या रात्री झाशीतच राहावे लागते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. देशातली पहिली हॉटेल व्यवस्थापन संस्था मुंबईत १९५४ मध्ये निघाली, आणि तिच्यामागे लीलावती मुन्शी आणि त्यांची महिला अन्न परिषद होती. पण मराठी माणसाने या धंद्यात जे नाव कमावले त्यातले बरेचसे वर्गाबाहेर शिकून. विठ्ठल कामतांनी वडिलांच्या उडुपी धर्तीच्या हॉटेलात काम केले आणि पुढे १९९७ मध्ये मुंबईच्या विमानतळाजवळ पर्यावरणाला जपणारे ‘ऑर्किड’ उभे केले. १९८४ मध्ये केसरी टूर्स काढणाऱ्या केसरी पाटलांसारख्यांनी ओळखले की मराठी कुटुंब काश्मीरला जायला तयार आहे, पण वरण-भात आणि आपल्या भाषेतला टूर मॅनेजर बरोबर हवा. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची घडी बसवली आणि सरकारचे धोरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२० मध्ये आले. तिघांच्याही बाबतीत पाहुण्याची नेमकी अडचण आधी सापडली, नाव आणि बोधचिन्ह मागून. ओयो काढणारे रितेश अग्रवाल यांनी कॉलेज सोडले, पण आधी शंभराच्या आसपास गेस्ट हाउसांत स्वतः राहून पाहिले, असे ते सांगत आले आहेत. ‘कॉलेज सोडले’ एवढाच भाग मुले लक्षात ठेवतात.

कॉलेजच्या आराखड्याला एक सख्खा भाऊ आहे, त्याचे नाव प्रोजेक्ट रिपोर्ट. तो बँकेत जातो. उत्तर प्रदेशात जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा उद्यमी योजनेत २१ ते ४० वयाच्या तरुणांना पाच लाखांपर्यंत बिनव्याजी, बिनतारण कर्ज मिळते. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेंना मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. या सगळ्यांना रिपोर्ट लागतो, आणि कोर्ट-कचेरीच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो. नाव, पत्ता आणि कर्जाची रक्कम बदलली की झाले. गंमत अशी की पदवीला असताना ज्याने साठ पाने लिहिली, तोही कर्जाच्या वेळी याच दुकानात जाऊन पैसे मोजतो, कारण त्याची साठ पाने बँकेच्या नमुन्यात बसत नाहीत. बँकेचा माणूस ध्येयवाक्य वाचत नाही. तो विचारतो हप्ता कशातून फेडणार, आणि जून महिन्यात काय करणार. हे दोन प्रश्न वायवाला विचारायला काहीच खर्च नाही.

खर्च न करता करण्यासारखे इतरही आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या हॉटेल शाळेत शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांच्या गटाला खऱ्या कंपनीचा खरा प्रश्न सोडवायला देतात आणि शेवटी ऐकायला त्या कंपनीचे लोक समोर बसतात. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९२० च्या दशकापासून वर्षातले काही दिवस विद्यार्थीच हॉटेल चालवतात, आणि आलेले पाहुणे याच धंद्यातले मुरलेले असतात. एवढी श्रीमंती झाशीत नसेल. पण स्थानकाजवळच्या लॉजचे मालक आहेत. वीस-वीस वर्षे काउंटरवर बसलेली ही मंडळी परीक्षक म्हणून बोलावली, चहा-समोसा दिला, आणि त्यांच्यासमोर ‘पहिल्या वर्षी ६० टक्के’ हे वाक्य म्हणायला सांगितले, तर त्यांच्या चेहऱ्यावरून मार्क आपोआप ठरतील. त्यांचाही फायदा आहे. बुकिंग कंपनीच्या पानावर फोटो कसे चढवायचे, खराब अभिप्रायाला उत्तर काय द्यायचे, हे त्यांना पोरांकडून शिकता येईल.

अडचण कुठे येते? शिक्षकाकडे साठ विद्यार्थी असतात, सत्र चार महिन्यांचे, आणि फाइलला मार्क देणे सोपे, पायपिटीला अवघड. पुष्कळ मुलांना मुळात धंदा करायचाच नसतो. त्यांना हॉटेलात नोकरी हवी असते, शक्य तर परदेशी जहाजावर, आणि आराखडा हा त्यांच्या वाटेतला एक पेपर. यात गैर काही नाही. पण रिसेप्शनवर उभ्या राहणाऱ्यालाही पाहुणा एक रात्र राहून का जातो हे कळले तर त्याचा पगार लवकर वाढतो. जी दोन-चार मुले खरेच घर उघडणार असतात, त्यांच्या आणि उरलेल्यांच्या हाती एकच नमुना देण्यात मात्र गोंधळ आहे. काहींना फक्त सहा खोल्यांचा हिशेब पुरे, काहींना परवान्यांची यादी, काहींना सगळेच हवे.

सुरुवात फलाटावरूनही करता येईल. सकाळची शताब्दी येण्याआधी चार मुलांनी स्थानकाबाहेर उभे राहायचे, आठवडाभर, रोज. वहीत तीन रकाने: कुठून आलात, आज रात्री कुठे राहणार, झाशीत का नाही. संध्याकाळी सातच्या आत दिल्लीकडे परतणारी शताब्दी त्याच स्थानकात येते, तेव्हा सकाळच्यांपैकी किती चेहरे परत दिसतात तेही मोजायचे. पहिले दोन रकाने सहज भरतील. तिसऱ्याचे उत्तर पाहुणे गाडीचे दार लावता लावता देतात, तेव्हा पेन आधीच उघडून ठेवलेले बरे.